फील्ड कॅमेऱ्यावर ९० मिलिमीटरची वाइड लेन्स कशी वापरावी

हे मार्गदर्शन ४×५ इंची फिल्म वापरणाऱ्या, घडी होणाऱ्या फील्ड कॅमेऱ्यासाठी आहे. होल्डरमध्ये फिल्म भरणे, मीटरने प्रकाश मोजणे आणि काळ्या कापडाखाली उलटे चित्र वाचणे वाचकाला येते, असे मी धरून चालतो. या आकारात १५० मिलिमीटरची लेन्स सर्वसाधारण मानतात. ९० मिलिमीटरची लेन्स ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यावरच्या २८ च्या जवळपास दृश्य घेते. पहिली वाइड लेन्स घ्यायची तर ९० चीच घ्यावी. ६५ ने सुरुवात करा असे सांगणाऱ्यांनी ती सपाट लेन्सबोर्डावर बसवून अनंतावर फोकस करून पाहिलेली नसते. अनेक फील्ड कॅमेऱ्यांचा भाता (लेन्स आणि पाठ जोडणारी घड्यांची नळी) तेवढा दबतच नाही, आणि खोलगट बोर्ड लावला की शटरच्या कळांपर्यंत बोटे पोहोचत नाहीत.

जुन्या मालाच्या बाजारात घेताना नाव नीट वाचावे. श्नायडरची ९० मिलिमीटर एफ/६.८ अँग्युलॉन आणि ९० मिलिमीटर एफ/८ सुपर-अँग्युलॉन यांत मोठा फरक आहे. पहिलीचे प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स फिल्मच्या जागी टाकते त्या गोल चित्राचा व्यास, सुमारे १५४ मिलिमीटर असते आणि फिल्मचा कर्णच सुमारे १५३ मिलिमीटर आहे, म्हणजे लेन्स वर सरकवायला काहीच वाव उरत नाही. दुसरीचे वर्तुळ एफ/२२ वर २१६ मिलिमीटर, तर निक्कोर-एसडब्ल्यू ९० एफ/८ चे २३५ मिलिमीटर असते. आडव्या चौकटीत यांतून अनुक्रमे सुमारे ४२ आणि ५३ मिलिमीटर राइज (लेन्स मध्यापासून वर सरकवणे) मिळू शकतो. अरुंद बोळातल्या वाड्याचा दर्शनी भाग टिपताना मागे सरकायला जागा नसते आणि कॅमेऱ्याचे तोंड वर केले की भिंती आत झुकतात. तिथे हा राइजच कामाला येतो.

ट्रायपॉड रोवा, कॅमेऱ्याची पाठ स्पिरिट लेव्हलने ओळंब्यात आणा, लेन्स बसवा.

आता घासलेल्या काचेच्या वरच्या कडेला पाहा. चित्र उलटे असल्यामुळे कॅमेऱ्याचा बेड (लेन्सखाली पुढे उघडणारी फळी) चौकटीत येत असेल तर तो तिथे काळपट, धूसर पट्ट्यासारखा दिसतो. आडव्या चौकटीत ९० ने बहुधा तो येत नाही, उभ्या चौकटीत अनेकदा येतो. तो आला की बेड खाली पाडावा लागतो, आणि या लेन्सचे खरे अवघड काम इथून सुरू होते. माझाही सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याने घेतला.

बेड खाली पाडला की त्याच्यासोबत पुढचा स्टँडर्ड (लेन्सबोर्ड धरणारी चौकट) खाली जातो आणि पुढे कलतो. त्याला मागे कलवून पाठीशी समांतर करावे लागते, पण बेड सरळ असताना ‘शून्य’ दाखवणारी खाच आता निरुपयोगी झालेली असते. बहुतेक जण इथे डोळ्यांनी अंदाज घेतात. असे करू नये. ९० ची लेन्स केवळ १ अंशाने कललेली राहिली आणि फोकस ३.७ मीटरवर असला, तर जे फोकसचे प्रतल उभे असायला हवे ते उभ्या रेषेपासून जवळजवळ ३५ अंशांनी झुकते. १५० च्या लेन्सला तीच चूक सुमारे २३ अंशांची पडते. १ अंश डोळ्याला दिसत नाही. त्याचा परिणाम काचेच्या वरच्या-खालच्या कडांना दिसतो खरा, पण एफ/८ च्या लेन्सखाली नेमक्या त्याच कडा सर्वांत अंधाऱ्या असतात. नंतर निगेटिव्हवर वरचा भाग मऊ आला की दोष लेन्सला दिला जातो.

म्हणून सुतार वापरतात तसला छोटा डिजिटल कोनमापक पिशवीत ठेवावा. तो आधी पाठीच्या चौकटीला टेकवून आकडा वाचावा, मग लेन्सबोर्डाला टेकवून तोच आकडा येईपर्यंत पुढचा स्टँडर्ड हलवावा. डाव्या-उजव्या दिशेसाठी दोन्ही बाजूंचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे. त्यानंतर लेन्स वर घेऊन पुन्हा मध्यावर आणावी. राइज मोजायचा तो या मध्यापासून. सगळे स्क्रू आवळल्यावर कोनमापक पुन्हा लावावा, कारण दबलेला भाता स्प्रिंगसारखा लोटतो आणि स्टँडर्ड आवळता आवळता सरकतो. राइज दिल्यानंतर तिसऱ्यांदा पाहावे. हे कंटाळवाणे आहे, तरीही त्याला पर्याय नाही. एकदा घरी सपाट भिंतीसमोर कॅमेरा नीट समोरासमोर लावून, पूर्ण उघड्या छिद्रावर, वरची आणि खालची कड एकाच वेळी फोकसमध्ये येते का हे तपासून घ्यावे. कोनमापकावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तेव्हाच कळते.

वाइड लेन्स आहे म्हणून टिल्ट द्यायलाच हवा, म्हणजे लेन्स मुद्दाम पुढे कलवायलाच हवी, हा सल्ला मनातून काढून टाकावा. ४×५ साठी रूढ असलेले ०.१ मिलिमीटरचे धूसरतावर्तुळ (फिल्मवर डोळ्याला अजून बिंदूच वाटणारा सर्वांत मोठा ठिपका) धरले, तर ९० ची लेन्स एफ/२२ वर ३.७ मीटरला फोकस केली असता सुमारे १.८५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्पष्ट येते. बहुतेक दृश्ये एवढ्यात बसतात. पावसाळ्यात कोकणातल्या सड्यावर पायाशी फुले आणि क्षितिजाशी समुद्र, मध्ये उभे काहीही नाही, अशा दृश्याला मात्र टिल्ट हवा. तिथेही तो फार लहान असतो: कॅमेरा जमिनीपासून १.५ मीटर उंच असेल, तर जमिनीवर प्रतल झोपवायला साधारण ३.४ अंश पुरतात. सुरुवात २ अंशांनी करावी आणि तिथून हळूहळू वाढवावे. चौकटीत झाड किंवा मंदिराचा कळस असेल तर टिल्ट देऊच नये.

फोकससाठी काचेवरचे चित्र आणि रुळावरची पट्टी, दोन्ही वापरावीत. दूरची वस्तू भिंगाने स्पष्ट करून रुळावरची जागा लिहावी, जवळची स्पष्ट करून ती जागा लिहावी आणि स्टँडर्ड दोहोंच्या मध्यावर आणावा. कडांना पाहताना भिंग लेन्सच्या दिशेने थोडे कलते धरावे, नाहीतर काहीच दिसणार नाही. दोन जागांमधला फरक मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला ५ ने गुणले की लागणारा एफ-आकडा मिळतो: ४.४ मिलिमीटरला एफ/२२, ६.४ ला एफ/३२. उत्तर ४५ च्या घरात गेले तर विवर्तनाने सगळेच चित्र मऊ होऊ लागते. तेव्हा कॅमेरा जवळच्या वस्तूपासून थोडा मागे घ्यावा.

छिद्र लहान करून काचेच्या कापलेल्या कोपऱ्यांतून लेन्सकडे पाहावे. चारही कोपऱ्यांतून छिद्र पूर्ण दिसले तर ठीक. अर्धवट दिसले तर राइज जास्त झाला आहे किंवा भात्याची घडी आड येते आहे. घडी असेल तर ती बोटाने वर सारावी आणि मग कोनमापक पुन्हा लावावा.

या कोनात कोपऱ्यांना प्रकाश कमी पोहोचतो. कोसाइनच्या चौथ्या घाताच्या नियमाने ९० ला ही घट सुमारे दीड स्टॉप येते. सुपर-अँग्युलॉनच्या घडणीच्या लेन्स ती काहीशी कमी करतात. राइज दिला की आकाशाकडचे कोपरे आणखी काळवंडतात. कृष्णधवल निगेटिव्हवर राइज नसताना मी सेंटर फिल्टर लावत नाही, कारण छापताना कोपरे सावरता येतात. स्लाइड फिल्मवर तो लावावाच. हा फिल्टर मध्यभागी गडद असतो आणि छिद्र एफ/१६ किंवा त्याहून लहान ठेवले तरच नीट काम करतो; त्यासाठी बहुधा दीड स्टॉप जास्त द्यावा लागतो, पण नेमका आकडा फिल्टरच्या कड्यावर छापलेला असतो, तोच धरावा. एफ/३२ आणि त्यावर हा दीड स्टॉप, म्हणजे संध्याकाळी वेळ सहज काही सेकंदांवर जाते. तेव्हा फिल्मच्या माहितीपत्रकातली रेसिप्रॉसिटीची वाढ (लांब वेळेला फिल्म मंदावते म्हणून द्यायचा जादा वेळ) आधी जोडावी आणि मगच शटर दाबावे.