इंजिनाच्या कोपऱ्यात तुटलेला बोल्ट: या चुका टाळा

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर गोळा करून पुढच्या नळीत सोडणाऱ्या भागाचा) सर्वांत मागचा, फायरवॉलच्या म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या बाजूचा बोल्ट तुटण्यापूर्वी पाना किंचित मऊ लागतो. बोल्ट सुटत नसून पिळला जात आहे, याची ती खूण असते. तरीही ‘आता सुटलाच’ असे समजून जोर लावणे ही पहिली चूक. तेथेच थांबून बोल्ट थोडा आवळावा, पुन्हा उलट फिरवावा आणि गंजावर मुरणारे तेल टाकून रात्रभर सोडावे. इंजिन एकदा गरम होऊन निवले की तेल आत शिरण्याची शक्यता वाढते, कारण ॲल्युमिनियमचे हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात हा बोल्ट बसतो) पोलादी बोल्टच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते.

बोल्ट तुटलाच, तर ड्रिल उचलण्याची घाई करू नये. हात पोहोचत नसलेल्या जागी तिरका धरलेला ड्रिल हमखास बोल्टच्या कडेला सरकतो आणि मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतो. बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, हीट शील्ड आणि गरज पडल्यास पुढचे चाकही काढावे. या कामात गेलेला तास वाया जात नाही. काटकोनी ड्रिल आणि लहान आरसा यांची सोय आधीच करावी, उघड्या पोर्टांमध्ये (हेडमधल्या धूर बाहेर पडण्याच्या भोकांमध्ये) स्वच्छ फडके कोंबावे आणि बिटावर टेपची खूण करून खोली ठरवून घ्यावी, कारण काही हेडमध्ये बोल्टच्या भोकामागे पाण्याची पोकळी असते.

मध्यबिंदूवर पंचाने खोलसर खूण केल्याशिवाय ड्रिल टेकवू नये. आधी 3 मिमी, मग 5 मिमी, कमी वेगाने आणि थेंबथेंब तेल देत भोक पाडावे. उलट्या फिरकीचे बिट मिळाल्यास तेच वापरावे. कित्येकदा ड्रिल करता करताच बोल्टचा तुकडा त्याला धरून बाहेर येतो.

सर्वांत महागडी चूक मात्र ईझी-आउटची, म्हणजे तुटक्या बोल्टच्या भोकात बसवून उलट पिळायच्या निमुळत्या हत्याराची आहे, आणि ती मी स्वतः केली आहे. इंदुरात लोकमान्यनगरच्या आमच्या घरासमोर गाडी उभी करून, सियागंजातून आणलेल्या संचातला ईझी-आउट मी 8 मिमीच्या तुटक्या बोल्टमध्ये बसवला आणि लांब दांड्याने पिळला. तो भोकाच्या आत मोडला. दोष संचाचा नव्हता. पूर्ण जाडीचा बोल्ट ज्या गंजाला हरला, तो गंज त्याच बोल्टच्या पोटात बसणाऱ्या काडीएवढ्या ईझी-आउटला दाद देईल ही माझी अपेक्षाच चुकीची होती. शिवाय निमुळता ईझी-आउट बोल्टला आतून फुगवून आट्यांमध्ये आणखी घट्ट करतो. मोडलेल्या कठीण पोलादावर साधे बिट चालत नाही. अखेर हेड उतरवून सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत स्पार्क इरोजन यंत्रावर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्रावर) तो तुकडा काढून घ्यावा लागला.

बोल्टचा थोडासा भाग बाहेर असल्यास, किंवा तो पृष्ठभागाच्या पातळीत असला तरी, त्यावर नट वेल्ड करून घेणे अधिक भरवशाचे आहे. पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, आणि नटापेक्षा त्या उष्णतेचाच उपयोग अधिक होतो. लाली गेल्यावर नट पुढे-मागे हलवत सोडवावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी जोडलेली असल्यास तिची जोडणी काढावी आणि सांडलेले तेल, तसेच पेट्रोलची नळी यांकडे दुर्लक्ष करू नये.

तुकडा निघाल्यावर तसाच नवा बोल्ट ठोकून बसवू नये. 8 मिमीच्या बोल्टला बहुधा 1.25 मिमी पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे असतात. त्याच मापाचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हाताने, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवून आटे साफ करावेत. आटे गेलेच असतील, तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावे. नव्या बोल्टला किंवा स्टडला (डोके नसलेल्या, नटाने आवळायच्या बोल्टला) उष्णता सोसणारे अँटी-सीझ, म्हणजे आटे अडकू न देणारे वंगण लावून उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवर (पिळाच्या जोरावर) आवळावे. अँटी-सीझमुळे आटे सहज फिरतात, म्हणून अंदाजाने अधिक आवळू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू आली आणि इंजिन तापताच ती थांबली, तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून धूर निसटत आहे असे समजावे आणि बोल्ट किंवा स्टड पुन्हा तपासावेत.