खताच्या बादलीला वास येतोय? या चुका टाळा

पहिल्यांदा बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करायची बादली ठेवली, तेव्हा पंधराव्या दिवशी शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं होतं, "तुमच्याकडे उंदीर मेलाय का हो?" मेलं काही नव्हतं. कलिंगडाच्या साली, शिळा भात आणि उरलेलं वरण घट्ट झाकणाखाली आंबत होतं. त्यानंतर सोसायटीतल्या बऱ्याच बादल्यांत डोकावून झालंय. तक्रारी निरनिराळ्या असतात, पण दुखणं बहुतेकदा एकच निघतं: पाणी जास्त, पाचोळा कमी.

भाजीची देठं, फळांच्या साली यांत 80-90 टक्के पाणीच असतं. खत करणाऱ्या जिवाणूंना ओल हवी ती 50-60 टक्के, आणि सोबत हवा. पाणी वाढलं की मधल्या फटी बुजतात, हवा संपते आणि हवेवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात. नासक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांचा. म्हणून ओला कचरा जितक्या वाट्या, निदान तितक्याच वाट्या कोरडा पाचोळा, आणि तोही रोज, प्रत्येक थरावर. आठवड्यातून एकदा ढीगभर टाकून हिशेब जमत नाही. कलिंगड-खरबुजाच्या दिवसांत दुप्पट घाला.

अंदाज घ्यायचा तर बादलीतला मूठभर ऐवज दाबून बघा. (हातमोजे घालून, मी काही तितकी शूर नाही.) बोटांतून पाणी ठिबकलं तर ओल जास्त. मुठीचा गोळा झाला, पाणी मात्र आलं नाही, तर बरोबर. ठिबकत असेल तर बादली जुन्या वर्तमानपत्रावर उलटी करा, तासभर पसरून ठेवा, पाचोळा मिसळून परत भरा. बुडाला आणि बाजूंना भोकं नसतील तर आधी ती पाडा, खाली ताटली ठेवा.

पाचोळ्याऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरणारे एक हमखास चूक करतात. त्याची दाबलेली वीट पाण्यात भिजवून फुगवतात आणि तशीच ओली बादलीत घालतात. म्हणजे पाणी शोषायला पाणीच! फुगवलेलं कोकोपीट उन्हात खडखडीत वाळवून मगच वापरा. सुताराकडचा भुसाही चालतो, पण अस्सल लाकडाचा. प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायनं असतात, तो नको. काहीच नसेल तर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून घाला, मस्त काम करतात.

खरं तर विकत काही आणायची गरजच नाही. फेब्रुवारी-मार्चात पानगळ होते, सोसायटीच्या कोपऱ्यात ढीग साचतात आणि कुणीतरी काडी लावतं. त्या आधी दोन-तीन पोती भरून ठेवा. आमच्या चौघांच्या घराला ती पावसाळा संपेपर्यंत पुरतात. ऐन जुलैत पाचोळा शोधायला निघालात तर हाती चिखलच येईल.

वास अमोनियासारखा, नाकात झोंबणारा असेल, तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय. उपाय तोच, पाचोळा आणि ढवळणं. मुंग्या लागल्या असतील तर उलट, बादली कोरडी पडलीय. थोडं पाणी शिंपडा. चहाचा चोथा धुऊन टाकत जा, साखरेवर त्या येतातच.

अळ्या दिसल्या की लोक सगळं उचलून घंटागाडीत देतात. जरा थांबा. राखाडी-तपकिरी, चपट्या, जाडसर अळ्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने फस्त करतात आणि पुढे होणारी माशी घरातल्या अन्नावर बसायला येत नाही. किळस वाटते हे मान्य, पण अपाय नाही. किटकनाशक मारलंत तर अळ्यांबरोबर खतही बिघडेल. चिलटं मात्र उघड्या पडलेल्या सालींमुळे होतात, वरचा थर कायम पाचोळ्याचा ठेवा.

करवंट्या, आंब्याच्या कोयी, मक्याची बुरकुंडं महिनोन्‌महिने जशीच्या तशी राहतात. त्या बाहेरच बऱ्या. मटणाची हाडं, तेलकट रस्सा नकोच. निर्माल्यातला दोरा, जरीचे धागे, थर्माकोल आधी काढा, नाहीतर खत चाळताना शिव्या द्याल. आणि "कंपोस्टेबल" छापलेल्या पिशव्या बादलीत टाकू नका. त्या मोठ्या प्रकल्पातल्या 55-60 अंश उष्णतेत विरघळतात, बाल्कनीतल्या बादलीत तेवढी ऊब कुठून येणार?

शेवटची चूक घाईची. महिन्याभरात काळं दिसायला लागतं, पण ते कच्चं असतं. कुंडीत घातलं तर मातीतलं नत्र ओढून घेतं, पानं पिवळी पडतात. भरलेली बादली बाजूला ठेवून दोन-तीन महिने द्या. ओंजळभर खत पिशवीत बांधून तीन दिवसांनी उघडा. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर तयार. शंका असेल तर त्यात मेथी पेरा. चांगली उगवली की कुंडीत घाला, तीन-चार वाटे माती आणि एक वाटा खत.

ओलं असं घरीच जिरलं की दुसरी, सुक्या कचऱ्याची पिशवी आपोआप कोरडी राहते. तिच्याशी मात्र आपण हयगय करतो. पुण्यात दारोदार कचरा घेणारी "स्वच्छ" ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. खरकटं लागलेला डबा त्यांना विकता येत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे त्या बायकांना ते उघडून बघावं लागत नाही. दुधाची पिशवी कापताना टोक पूर्ण तोडू नका, लटकतं ठेवा. सुटं टोक इतकं बारीक असतं की ते कुणीच वेचत नाही. मग पिशवी विसळून वाळवा आणि द्या.