जुना आयपॉड, नवा विंडोज

आमच्या काकांचा आयपॉड क्लासिक, म्हणजे अ‍ॅपलचा जुना गाणी ऐकायचा प्लेअर, नाशिकला गंगापूर रोडच्या घरी कपाटात पडून होता. आत नाट्यसंगीत ठासून भरलेलं, आणि नवा लॅपटॉप त्याला ओळखच देईना.

आधी केबल बघा. तीस पिनची जुनी केबल अनेकदा आतून तुटलेली असते. चार्जिंग होतं, पण डेटा जात नाही. एम. जी. रोडला मिळते, पण दुकानातच लावून बघा. हब नको, थेट यूएसबी पोर्टला जोडा.

तरी दिसत नसेल तर होल्डचं बटण एकदा इकडून तिकडे सरकवा. मग मेनू आणि मधलं बटण सफरचंद उमटेपर्यंत दाबून धरा. उमटताच मधलं आणि प्ले एकत्र दाबा. डिस्क मोड येतो, म्हणजे आयपॉड लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखा दिसतो.

आता महत्त्वाचं. आयट्यून्स, म्हणजे आयपॉडमधली गाणी सांभाळणारं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर, 'इरेज अँड सिंक' (पुसून नव्याने भरू का) विचारेल, तिथे हो म्हणालात की काकांची सगळी गाणी गेली! आधी विंडोजमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायला सांगा, आयपॉडच्या ड्राइव्हमधलं 'आयपॉड कंट्रोल' फोल्डर उघडा आणि त्यातलं 'म्युझिक' उचलून लॅपटॉपवर ठेवा. फाइलींची नावं चार अक्षरांची, काहीच्या बाही दिसतील. घाबरू नका, गायकाचं नाव बहुतेक वेळा फाइलच्या आत शाबूत असतं.

अ‍ॅपलच्या मॅकवर कॅटालिना या आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून, आयट्यून्सच नाही; आयपॉड फाइंडरमध्ये, म्हणजे फाइल्स बघायच्या खिडकीत, डावीकडे दिसतो. मॅकवर फॉरमॅट केलेला आयपॉड मात्र विंडोज वाचत नाही. तसा असेल तर कुणाचा तरी मॅक मागून आणा.