'हॅव' वापरताना होणाऱ्या या चुका टाळा

"आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स." मुलाखतीत, ओळख करून देताना, मेल लिहिताना हे वाक्य इतक्या वेळा येतं की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. बोलणाऱ्याचं व्याकरण कच्चं असतं असंही नाही, काळांचे तक्ते त्याला तोंडपाठ असतात. खरी अडचण अशी आहे की मराठीत 'हॅव'च्या जोडीचं क्रियापदच नाही.

'माझ्याकडे गाडी आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याजवळ पैसे नाहीत', 'या खोलीला दोन दारं आहेत', 'त्याच्यात धमक आहे'. पाचही वाक्यांत क्रियापद एकच, 'असणे'. मालकी किंवा नातं दाखवायचं काम आपण 'कडे', 'ला', 'जवळ', 'च्यात' यांच्यावर सोपवतो, आणि कर्ता असते ती वस्तू. आहे ती गाडी, आहेत ते भाऊ. संस्कृतातही 'मम पुत्रः अस्ति' असंच म्हणतात. इंग्रजी मात्र माणसाला, अगदी खोलीलासुद्धा, कर्त्याच्या जागी बसवते आणि पाचही ठिकाणी 'हॅव' किंवा 'हॅज' वापरते. हा फरक एकदा मनात बसला की पुढच्या बऱ्याच चुका कुठून येतात ते दिसू लागतं.

'आय ॲम हॅविंग' कुठे चालतं, कुठे नाही

'आहे' दिसलं की आपल्याला 'इज' किंवा 'ॲम' आठवतं, कारण 'मी जात आहे' म्हणजे 'आय ॲम गोइंग' हे आपण सगळ्यात आधी शिकलो. मग 'मला दोन भाऊ आहेत' यातल्या 'आहेत'साठीही 'ॲम' येऊन बसतं आणि त्याला 'हॅविंग' जोडलं जातं. पण भाऊ असणं ही चालू असलेली क्रिया नव्हे, ती स्थिती आहे. मालकी, नाती, गुणधर्म, आजार या सगळ्यांसाठी साधं 'हॅव' किंवा 'हॅज' घ्या: "आय हॅव टू ब्रदर्स", "शी हॅज अ कार", "ही हॅज डायबेटिस".

म्हणून 'हॅविंग' कायमचं टाकून देऊ नका. "वी आर हॅविंग लंच", "दे आर हॅविंग अ मीटिंग", "आय ॲम हॅविंग ट्रबल विथ माय फोन" ही उत्तम इंग्रजी आहे. इथे 'हॅव'चा अर्थ 'असणे' नसून जेवणे, भरवणे, सोसणे असा आहे. पारख सोपी आहे. मराठीत त्या जागी खाणे, पिणे, घेणे, अनुभवणे असं काही बसत असेल तर 'हॅविंग' चालतं, नुसतं 'असणे'च बसत असेल तर चालत नाही. "शी हॅज अ बेबी" म्हणजे तिला बाळ आहे. "शी इज हॅविंग अ बेबी" म्हणजे तिला बाळ होणार आहे. एवढा फरक पडतो.

थंडी आणि सर्दी

'मला सर्दी झालीय' हे "आय हॅव अ कोल्ड". 'मला थंडी वाजतेय' हे "आय ॲम कोल्ड". दोन्हीकडे मराठीत 'मला' आहे, म्हणून गोंधळ होतो. भूक आणि तहान यांनाही 'हॅव' लागत नाही, "आय ॲम हंग्री", "आय ॲम थर्स्टी" एवढंच. डोकं दुखत असेल तर मात्र "आय हॅव अ हेडेक". यामागे नियम शोधण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे. ही वाक्यं जशीच्या तशी तोंडात बसवावीत.

'डज शी हॅज', 'डिड यू हॅड'

काळाची आणि पुरुषाची खूण वाक्यात एकदाच उमटते. 'डज'ने ती घेतली की 'हॅज' पुन्हा 'हॅव' होतं, 'डिड'ने घेतली की 'हॅड'ही 'हॅव' होतं. म्हणून "डज शी हॅव अ पासपोर्ट?" आणि "आय डिडन्ट हॅव टाइम". पण 'हॅव' स्वतःच सहायक असेल, जसं "हॅव यू सीन हिम?", तिथे 'डू'ला जागा नाही.

'गेलो होतो' म्हणजे 'हॅड गॉन' नव्हे

माझ्या मते सगळ्यांत खोल रुजलेली चूक ही. मराठीत आपण सहज म्हणतो, 'मी काल त्याच्याकडे गेलो होतो.' घडून गेलेली, संपलेली गोष्ट सांगायला 'होतो' हा आपला नेहमीचा प्रकार. त्याचं शब्दशः रूप होतं "आय हॅड गॉन टू हिज प्लेस येस्टरडे". इंग्रजी ऐकणारा मात्र 'हॅड गॉन' ऐकून थांबतो आणि पुढची गोष्ट यायची वाट पाहतो, कारण 'हॅड'ला भूतकाळातली दुसरी घटना लागते, जिच्याही आधी हे घडलं. "व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट": मी पोचलो तेव्हा गाडी सुटून गेली होती. इथे दोन घटना आहेत आणि 'हॅड' आधीच्या घटनेला लागलं. 'हॅड' काढून "द ट्रेन लेफ्ट" म्हटलंत तर मी पोचलो आणि मग गाडी सुटली, असा अर्थ होईल. घटना एकच असेल तर "आय वेंट टू हिज प्लेस येस्टरडे" एवढंच म्हणा.

'आहे'चीही हीच गत. 'मी काल मेल पाठवला आहे' हे मराठी चोख आहे, पण "आय हॅव सेंट द मेल येस्टरडे" चुकीचं. काल, गेल्या वर्षी, 2019 मध्ये, दोन तासांपूर्वी असा संपलेला वेळ सांगितला की 'हॅव' गळून पडतं: "आय सेंट द मेल येस्टरडे". वेळ न सांगता नुसतं 'पाठवला आहे' म्हणायचं असेल तर "आय हॅव सेंट द मेल" अगदी बरोबर.

गंमत अशी की जिथे 'हॅव' खरंच हवं तिथे आपण ते विसरतो. 'मी दहा वर्षांपासून इथे राहतोय' याचं "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स 10 इयर्स" होतं. हवं असतं "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर 10 इयर्स". आपलं 'पासून' कालावधीलाही लागतं आणि आरंभालाही. इंग्रजीत कालावधीला 'फॉर' आणि आरंभाला 'सिन्स': "सिन्स 2015".

केस कोणी कापले?

'मी आज केस कापले' असं आपण म्हणतो तेव्हा कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे ऐकणाऱ्याला कळतं. "आय कट माय हेअर" ऐकणारा मात्र समजतो की तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामासाठी 'हॅव' आधी, मग वस्तू, मग तिसरं रूप: "आय हॅड माय हेअर कट", "वी आर हॅविंग द हाउस पेंटेड". शब्दांचा क्रम हलू देऊ नका. "आय हॅड कट माय हेअर" म्हटलं की पुन्हा 'मीच कापले होते' झालं. याच रचनेत कधी नको असलेली गोष्टही घडते: "शी हॅड हर फोन स्टोलन" म्हणजे तिचा फोन चोरीला गेला, तिने चोरवला नव्हे.

'डोन्ट हॅव टू' आणि 'मस्ट नॉट'

'हॅव टू' म्हणजे करावं लागणं, हे माहीत असतं. नकारात घोटाळा होतो. 'तुम्हाला उद्या यायला नको' आणि 'तुम्ही उद्या येऊ नका' यांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो. पहिल्यात सूट आहे, दुसऱ्यात मनाई. "यू डोन्ट हॅव टू कम" हे पहिलं, "यू मस्ट नॉट कम" हे दुसरं. ग्राहकाला 'आत्ताच पैसे भरायची गरज नाही' असं कळवायचं असताना "यू मस्ट नॉट पे नाऊ" लिहिलं तर तो ती बंदी समजेल. मेल पाठवण्याआधी हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

उच्चाराबद्दल एवढंच: या अर्थाने ओघात बोलताना 'हॅफ टू' आणि 'हॅस टू' ऐकू येतं. ऐकण्याच्या परीक्षेत हे माहीत असलेलं बरं.

दोन किरकोळ, पण फसवे प्रकार

"यू हॅड बेटर लीव्ह नाऊ" यात 'हॅड' असलं तरी भूतकाळाचा संबंध नाही. 'आता निघालेलं बरं, नाहीतर पंचाईत होईल' अशी ती ताकीद आहे. त्यामुळे वरिष्ठांना किंवा ग्राहकाला ते म्हणू नका, तिथे "यू शुड" किंवा "इट वुड बी बेटर टू" सौम्य पडतं. आणि 'बेटर'नंतर 'टू' लावू नका.

दुसरा प्रकार लिहिण्यातला. 'शुड हॅव' घाईत 'शुडव्ह' असं ऐकू येतं, आणि इंग्रजी मातृभाषा असलेले लोकसुद्धा ते 'शुड ऑफ' असं लिहितात. इंटरनेटवर ते वारंवार दिसतं म्हणून बरोबर समजू नका. 'शुड', 'कुड', 'वुड' यांच्यामागे असा आवाज आला की तो 'हॅव'चाच असतो, आणि लिहितानाही 'हॅव'च लिहायचं.