रोबोटच्या मदतीने मणक्यात स्क्रू बसवताना या चुका टाळा

छोट्या छेदांतून मणके जोडायचे असतील तर रोबोटचा हात फार मोलाचा आहे. पण तो नळी धरून फक्त दिशा दाखवतो, ड्रिल सर्जनच चालवतो. हे विसरलं की गडबड होते.

सगळ्यात जास्त घात करते ती ड्रिलच्या टोकाची घसरण. पेडिकलच्या (मणक्याचा अरुंद खांब, ज्यातून स्क्रू जातो) तोंडाशी, फॅसेट सांध्याजवळ (दोन मणक्यांमधला मागचा छोटा सांधा) हाड उतरतं असतं. ड्रिल तिथे तिरपं टेकलं आणि वरून जोर दिला की टोक उतारावरून बाहेरच्या अंगाला सरकतं. हाताला जेमतेम जाणवतं आणि स्क्रीनवरची ठरवलेल्या वाटेची रेघ तर जागची हलत नाही. 2012 साली जर्मनीत 60 रुग्णांवर झालेल्या चाचणीत हाताने बसवलेले 93 टक्के स्क्रू चांगल्या जागी होते, रोबोटच्या मदतीने बसवलेले 85 टक्के. ते यंत्र जुन्या पिढीचं होतं, पुढची यंत्रं बरीच सुधारली. तरी हाडाचा उतार तोच आहे. म्हणून आधी बर्रने (हाड घासणाऱ्या फिरत्या टोकाने) टेकायला सपाट जागा करा, ड्रिल फिरायला लागल्यावरच हाडाला लावा आणि दाबू नका. कातडी आणि तिच्याखालचा फॅशिया (स्नायूंवरचं चिवट आवरण) आखडता कापला असेल तर ताणलेले स्नायू नळीला बाजूला ढकलतात. छेद अर्धा सेंटिमीटर वाढला तरी चालेल.

दुसरी चूक रेफरन्स फ्रेमची, म्हणजे यंत्राला रुग्णाची जागा कळवणाऱ्या खुणेची. कमरेच्या हाडात रोवलेल्या तिच्या पिनेला कुणाचं कोपर लागलं तरी यंत्राला पत्ता नसतो. ते स्कॅनवरून बनलेल्या जुन्याच नकाशावर चालत राहतं. प्रत्येक मणक्याआधी प्रोबचं (जागा दाखवणाऱ्या सळईचं) टोक ओळखीच्या हाडावर ठेवा, उदाहरणार्थ स्पायनस प्रोसेसवर (मणक्याच्या मागच्या टोकावर). स्क्रीनवर ते तिथेच दिसलं पाहिजे. थोडीही शंका आली तर स्कॅन पुन्हा घ्या. त्यात वेळ जातो, जाऊ द्या.

क्रमही सांभाळा. केज (मणक्यांमधल्या गादीच्या जागी बसवायचा ठोकळा) आधी घालून मणक्यांमधली जागा वाढवली की मणके हलतात आणि आधीचा नकाशा खोटा पडतो. शक्य असेल तिथे स्क्रूची वाट आधी करून घ्या.

आणि स्क्रू अगदी नेमके बसले म्हणून मणके जुळतात असं नाही. डिस्क, म्हणजे ती गादी, नीट खरवडून काढली नाही, हाडाचा कलम कमी पडला किंवा रुग्णाची सिगारेट सुटली नाही, तर काही महिन्यांनी तेच स्क्रू सैल होतात.

रुग्णाला टेबलावरून हलवण्याआधी शेवटची इमेज घ्याच. नसेच्या बाजूला गेलेला स्क्रू तिथल्या तिथे बदलता येतो.