आक्रमक कुत्र्याचे प्रशिक्षण : गळपट्टा आणि लीश यांची निवड व वापर

अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्याला वळण लावायचे ठरले की बहुतेक मालक आधी दुकान गाठतात आणि पूर्वीपेक्षा जाड साखळी घेऊन येतात. साखळीमुळे कुत्रा हातून सुटत नाही हे खरे; पण तो धावून का जातो, या प्रश्नाला ती हात घालत नाही, आणि चुकीच्या रीतीने वापरली तर त्याची आक्रमकता वाढतेच. म्हणून खरेदीच्याही आधी पशुवैद्याला दाखवावे. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक चावू लागला असेल, तर त्यामागे कानाचा संसर्ग, दातांचा किंवा सांध्यांचा त्रास असू शकतो, आणि अशा दुखऱ्या जागी हिसका बसला की तो हिसका देणाऱ्याच्याच हाताला चावतो.

मोकळी कुत्री एकमेकांना भेटताना सहसा सरळ समोरासमोर येत नाहीत. थोडा वळसा घालून, बाजूने हुंगत येतात, आणि नको वाटले तर निघून जातात. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एखाद्या अरुंद बोळात समोरून भटके कुत्रे आले आणि आपण लीश आवळून धरली, तर आपल्या कुत्र्याचे हे दोन्ही मार्ग बंद होतात. त्यातच मान वर ओढली जाऊन छाती पुढे येते, आणि समोरच्या कुत्र्याला हा पवित्रा भांडणाचाच वाटतो. असे वरचेवर घडले, की दुसरे कुत्रे दिसणे आणि गळा आवळला जाणे या दोन गोष्टींची सांगड त्याच्या मनात पक्की बसते, आणि पुढे तो लीश ताणली जाण्याची वाटही न पाहता भुंकू लागतो.

‘एकदा हिसका दाखवा, आपोआप सरळ येतो’ हा सल्ला आपल्याकडे फुकट आणि मुबलक मिळतो. चोक चेन (ओढताच गळ्याभोवती आवळणारी साखळी), आतून बोथट काटे असलेला पट्टा आणि विजेचा झटका देणारा पट्टा ही त्याच विचारातून आलेली साधने आहेत. त्यांनी गुरगुरणे थांबते, पण भीती तशीच राहते. आणि गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असल्यामुळे, ती मारून टाकली की कुत्रा सूचना न देता चावतो. शिवाय गळ्यावर दाब पडून श्वासनलिकेला इजा होऊ शकते आणि डोळ्यांतला दाबही वाढतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने 2021 मध्ये आक्रमक कुत्र्यांसह सर्वच कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेल्या प्रशिक्षणाची शिफारस केली आहे, आणि वेल्समध्ये विजेच्या पट्ट्यावर 2010 पासून बंदी आहे. माझे मत विचाराल, तर ही तिन्ही साधने घरात आणूच नयेत.

घ्यायचे ते एवढेच : साधा रुंद गळपट्टा, ज्याच्या आत दोन बोटे सहज जातील, छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारे पट्टे), आणि पाच ते सहा फूट लांबीची कापडी किंवा चामडी लीश. आपोआप गुंडाळली जाणारी लीश आक्रमक कुत्र्यासाठी उपयोगाची नाही, कारण तिच्यावर सतत ताण राहतो आणि ऐन वेळी कुत्रा आवरत नाही. आपल्या भागात हौसेने पाळल्या जाणाऱ्या कारवानी कुत्र्यांच्या बाबतीत एक काळजी जास्त घ्यावी लागते. त्यांचे डोके मानेपेक्षा निमुळते असल्यामुळे मागे सरकताच साधा पट्टा डोक्यावरून निसटतो. त्यांना ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घालावा आणि हार्नेस व गळपट्टा दोन्हींना जोडणारी दुहेरी लीश वापरावी.

लीशचा फास मनगटात अडकवावा, बोटांभोवती वेढे घेऊ नयेत, आणि हात व कुत्रा यांच्यामध्ये लीश झोल घेऊन खाली लोंबती ठेवावी. सरावासाठी रंकाळ्याची संध्याकाळची चौपाटी निवडू नये. पहाटे, फिरायला येणाऱ्यांची गर्दी होण्यापूर्वी, मोकळ्या कडेला जावे. दुसरे कुत्रे दिसते, पण आपला कुत्रा हातातले खाणे अजून घेतो, इतक्या अंतरावर थांबावे. कुत्रे दिसले की लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यावा आणि ते नजरेआड होताच देणे बंद करावे. हा क्रम उलटा होऊ देऊ नये, कारण आधी तुकडा आणि मग कुत्रे असे झाले, तर तुकडाच धोक्याची खूण ठरतो. तोंड मिटणे, शेपूट ताठ होणे, नजर एका जागी खिळणे आणि तुकड्याकडे न पाहणे, ही अंतर कमी पडल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी न ओढता, आधी घरी सराव केलेल्या ‘चल’ या शब्दावर वळून लांब जावे. अंतर काही आठवड्यांत हळूहळूच कमी करावे.

चावण्याचा इतिहास असेल, तर बाहेर नेताना मुसके घालावे. ते पिंजऱ्यासारखे, जाळीचे असावे, म्हणजे तोंड उघडून धापता येते आणि पाणी पिता येते. तोंड करकचून बांधणारे कापडी मुसके उन्हात धोकादायक असते, कारण कुत्रा मुख्यतः धापूनच अंग थंड करतो. सुरुवातीला मुसक्याच्या आत खाऊ ठेवून त्याला स्वतःहून नाक घालू द्यावे आणि पट्टा नंतरच लावावा.

राहिला फाटकापाशी दिवसभर साखळीने बांधलेला कुत्रा. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस त्याला दिसतो, पण त्याला ना जवळ जाता येते ना लांब, आणि म्हणून तो रोज धावून जाण्याचाच सराव करतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हाही. आपल्या जनावरापासून इतरांना इजा होऊ नये याची दक्षता न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याला रस्ता न दिसेल अशा, परसाकडच्या कुंपणाच्या आत मोकळे ठेवावे. तशी सोय होईपर्यंत थोडा वेळ बांधावेच लागले, तर हार्नेसला बांधावे. चोक चेन गळ्यात ठेवून कधीही बांधू नये, कारण भिंतीवरून उडी मारताना तिचा फास बसतो.