पिकअप बदलण्यापूर्वीची तयारी: भोक मोजल्याशिवाय पॉट मागवू नये

गेल्या वर्षी माझ्या इंडोनेशियात बनलेल्या, दोन हंबकरच्या (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपच्या) गिटारचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून विजेचा सिग्नल करणारे भाग, बदलायचे ठरले, तेव्हा पिकअपच्या निवडीवर मी तीन आठवडे घालवले आणि पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे रोध बदलणारे भाग, ज्या भोकात बसायचे त्या भोकाचा विचार क्षणभरही केला नाही. परदेशातून मागवलेल्या चार पॉटपैकी एकही लाकडात शिरेना. रात्री उशिरा घरातले ड्रिल घेऊन भोक वाढवायला गेलो, तर बिट कडेला अडकून झटक्याने फिरले आणि व्हॉल्यूमच्या नॉबशेजारचे लॅकर नखाएवढे उडाले. खालचे फिकट लाकूड आजही नॉबच्या कडेबाहेर दिसते. ज्यांच्या हाती अजून अखंड गिटार आहे, त्यांच्यासाठी ही यादी आहे.

म्हणून पैसे भरण्याआधीचे पहिले काम म्हणजे मागचे झाकण काढून एका पॉटची चकती आणि नट सोडवणे, पॉट आत ढकलणे आणि मोकळ्या भोकाचा व्यास कॅलिपरने मोजणे. आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारमध्ये १६ मिमी व्यासाचे छोटे पॉट असतात आणि त्यांची आट्यांची मान ७ मिमीची असते. अमेरिकी पद्धतीच्या मोठ्या, २४ मिमी व्यासाच्या सीटीएस कंपनीच्या पॉटची मान मात्र ३/८ इंच, म्हणजे सुमारे ९.५ मिमी असते. हा अडीच मिलिमीटरचा फरक फोटोत दिसत नाही. पट्टीने अंदाज घेऊ नये, कॅलिपरच वापरावा. भोकाबरोबर त्या जागची लाकडाची जाडीही मोजावी, कारण चकती आणि नटसाठी मान वर किमान तीन मिलिमीटर उरली पाहिजे. लेस पॉलसारख्या फुगीर माथ्याच्या गिटारला त्यामुळेच पाऊण इंच मानेचे लांब पॉट लागतात. झाकणामागच्या खोबणीत २४ मिमीचा पॉट शेजारच्या पॉटला न टेकता मावतो का, तेही याच वेळी पाहावे.

त्यानंतर नॉब ज्यावर बसतो तो दांडा पाहावा. काही पॉटचा दांडा भरीव, पाव इंचाचा असतो आणि त्याला बाजूने स्क्रूने आवळायचा नॉब लागतो. काहींचा दुभंगलेला व दातेरी असतो, त्यातही १८ दात्यांचा जाड आणि २४ दात्यांचा बारीक असे दोन प्रकार आहेत. जुना नॉब नव्या दांड्यावर जोर लावून बसवला तर तो तडकतो. भोक, जाडी, दांडा ही तिन्ही मापे कागदावर लिहून झाल्याशिवाय खरेदीकडे वळूच नये.

भोक लहान निघाले तर माझे मत स्पष्ट आहे: चांगल्या प्रतीचे छोटे पॉट घ्यावेत. पिकअपला पॉटचा आकार कळत नाही, त्याला रोध कळतो. मोठेच हवे असतील तर भोकाभोवती मास्किंग टेप लावून निमुळत्या रीमरने, हाताने, थोडे थोडे वाढवावे. ड्रिल लावू नये.

आता पॉटचे मूल्य. हंबकरला ५०० किलोओहम, सिंगल कॉइलला (एकाच गुंडाळीच्या पिकअपला) २५० हा रूढ नियम आहे. पॉट पिकअपवर भार टाकतो; रोध जितका कमी तितके वरचे स्वर अधिक दबतात, म्हणून २५०च्या पॉटवर हंबकर मंद वाटतो आणि ५००च्या पॉटवर सिंगल कॉइल टोचतो. छापील आकड्यावरही विसंबू नये: २० टक्के कमी-जास्त फरक सर्रास असतो, त्यामुळे ५००चा पॉट मल्टिमीटरवर ४०० किंवा ६००ही दाखवतो. चारही मोजावेत आणि त्यातला सर्वात मोठ्या आकड्याचा नेकच्या (मानेजवळच्या) पिकअपच्या व्हॉल्यूमला द्यावा, कारण मुळात तोच पिकअप जास्त गडद वाजतो. टेपर म्हणजे नॉब फिरवताना रोध कोणत्या चालीने बदलतो ते; पॉटवर ए हे अक्षर असलेला ऑडिओ टेपर घ्यावा. बी म्हणजे सरळ टेपर. त्यात नॉब खाली आणताना बराच वेळ काही बदलत नाही आणि शेवटी आवाज एकदम पडतो.

टोनचा कपॅसिटर हंबकरसाठी ०.०२२ मायक्रोफॅरड, म्हणजे अंगावर २२३ छापलेला. सिंगल कॉइलसाठी ०.०४७, म्हणजे ४७३. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळणारा पॉलिस्टरचा कपॅसिटर हे काम नीट करतो. महागड्या तेल-कागदी कपॅसिटरवर पैसे घालवू नयेत. ईएमजीसारखे ॲक्टिव्ह पिकअप घेणार असाल तर हिशेबच वेगळा: २५ किलोओहमचे पॉट, ९ व्होल्टची बॅटरी, स्टिरिओ जॅक आणि बॅटरीला जागा. त्या पॉटची मानही मोजावी.

दोन वेगळ्या कंपन्यांचे हंबकर एकत्र लावताना तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नये. सेमूर डंकनमध्ये काळी तार गरम (सिग्नलची) आणि हिरवी अर्थिंगची असते, तर लाल व पांढरी एकमेकींना जोडतात. डिमार्झिओमध्ये लाल गरम, हिरवी अर्थिंगची, आणि काळी व पांढरी एकमेकींना. एकीचा नकाशा दुसरीला लावला तर त्या पिकअपच्या दोन गुंडाळ्या नीट जुळत नाहीत आणि तो एकटा वाजवतानाही आवाज पातळ येतो; दोन पिकअपची दिशा एकमेकांच्या उलट असली तर एकत्र वाजवताना तो पोकळ होतो. लावण्याआधी मल्टिमीटर जोडून पिकअपच्या खांबांवर, म्हणजे तारांखाली येणाऱ्या लोखंडी टोकांवर, लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवावा. दोन्ही पिकअपवर आकडा एकाच दिशेने हलला पाहिजे.

पिकअप निवडायचा स्विच बदलत असल्यास खोबणीची खोली मोजावी. पुन्हा सांगतो, मोजावी. उघड्या पत्र्याचा पाचमार्गी स्विच उथळ खोबणीत तळाला टेकतो.

जुन्या जोडणीचे फोटो घ्यावेत. सोल्डरिंग आयर्न किमान ४० वॅटचे असावे, कारण पॉटची पाठ उष्णता शोषते आणि कमी वॅटचे आयर्न तिथे खूप वेळ धरून ठेवल्यास आतली पट्टी जळते. पाठ आधी सँडपेपरने घासावी. ब्रिजकडून येणारी अर्थिंगची तार विसरू नये. खोबणीत गुणगुण रोखायला तांब्याची पट्टी चिकटवली असेल तर पॉटचे गरम (सिग्नलचे) पाय तिला टेकत नाहीत ना, ते पाहावे. तारा चढवण्याआधी केबल जोडून, स्क्रूड्रायव्हरने खांबांवर टकटक करून स्विचची प्रत्येक जागा ऐकावी. मगच झाकण लावावे.

ऑर्डर अजून गेली नसेल, तर कॅलिपर घेऊन एकदा भोकापाशी जावे.